हाताची अक्कल

शंकरपाळ्यांच्या मैद्यात मोहन किती घालावे? पाकशास्त्राचे पुस्तक सांगते, "अर्धी वाटी." पण वाटी कुणाच्या घरची, मैदा कोरडा की सर्दावलेला, हवा कशी, हे पुस्तकाला कसे कळणार? माझ्या सासूबाई वाटीचे नावच काढीत नसत. मोहन पिठात कालवून जरा निवले, की त्या माझा हात धरून परातीत घालीत, मूठ आवळायला लावीत आणि विचारीत, "मुटका वळला? मोडत नाही ना? मग पुरे." एवढाच धडा. तो त्यांनाही त्यांच्या सासूने असाच दिला होता. या विद्येला ग्रंथ नाही, परीक्षा नाही, पदवी नाही; आणि म्हणूनच की काय, तिला विद्या म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही.

फराळाच्या दिवसांत फराळाची गोष्ट काढली, म्हणून हे पान पाककृतीचे आहे अशी समजूत करून घेऊ नका. यंदा मला लिहायचे आहे ते यंत्रमानवाबद्दल. माणसासारखे पाहणाऱ्या, चाचपणाऱ्या, तोल सावरणाऱ्या आणि माणसासारखेच शिकू पाहणाऱ्या यंत्राबद्दल. जगभरचे बडेबडे इंजिनिअर ज्या कोड्यापाशी येऊन थबकले आहेत, ते कोडे म्हणजे हा मुटका आहे!

'रोबो' हा शब्द आता आपल्या पोरासोरांच्याही तोंडी आहे. तो आला चेक भाषेतून. कारेल चापेक या नाटककाराने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले, १९२१ साली ते प्रागच्या रंगभूमीवर आले, आणि त्यातल्या कृत्रिम माणसांसाठी हा शब्द वापरला गेला. तो त्याला सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. मूळ शब्द 'रोबोटा'. त्याचा अर्थ जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावे लागणारे काम. आपल्या भाषेत सांगायचे तर वेठ. म्हणजे यंत्रमानवाचे बारसे झाले तेच मुळी वेठबिगार या नावाने. आपल्या वाटची वेठ दुसऱ्या कुणी करावी, ही माणसाची इच्छा फार जुनी. प्रश्न एवढाच, की ही वेठ करायला अक्कल लागते की नाही?

लागते, हे ज्याने फार लवकर ओळखले तो ॲलन ट्युरिंग. याचे वडील इकडे मद्रास इलाख्यात आय. सी. एस. अधिकारी होते. १९४८ साली लिहिलेल्या एका अहवालात ट्युरिंगने विचार मांडला, की माणसाचा एकेक अवयव काढून त्या जागी यंत्र बसवीत गेले तर? डोळ्यांच्या जागी टेलिव्हिजनचा कॅमेरा, कानांच्या जागी मायक्रोफोन, पायांच्या जागी चाके. मग स्वतः होऊन काही शिकायचे तर या यंत्राला रानोमाळ भटकू द्यावे लागेल, आणि तसे झाले तर येणाऱ्याजाणाऱ्यांची काही खैर नाही, असे त्याने जवळजवळ थट्टेनेच लिहिले. हा मार्ग फार लांबचा आणि खर्चाचा म्हणून त्याने बाजूला ठेवला, आणि त्यापेक्षा शरीर नसलेला नुसता मेंदू करून त्याला बुद्धिबळ, गणित, भाषा शिकवाव्यात असे सुचवले. पुढे १९५० साली त्याने आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली: प्रौढ माणसाचे मन घडवण्याच्या खटपटीत पडू नका, लहान मुलाचे मन घडवा आणि त्याला शिकवा.

पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत अगदी तसेच घडले. नुसत्या मेंदूचे काम भराभर झाले. १९९७ साली 'डीप ब्लू' या यंत्राने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारॉव्ह याला हरवले. बोलण्याचे म्हणाल, तर पवईच्या आय. आय. टी.च्या आवारातील केंद्रीय विद्यालयाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून 'शालू' नावाची यंत्रकन्या तयार केली. २०२१ साली तिची बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा ती नऊ भारतीय आणि अडतीस परदेशी भाषांत बोलत असल्याचे सांगितले गेले. त्या नवांत आपली मराठीही होती. सत्तेचाळीस भाषा! आमच्या पिढीत दोन भाषा धड आल्या तर माणूस मॅट्रिकला इंग्रजीत सुटला म्हणून पेढे वाटीत.

आणि शरीराचे काय? १९७३ साली तोक्योच्या वासेदा विद्यापीठात प्राध्यापक इचिरो कातो यांच्या चमूने 'वाबोट-१' हा पुऱ्या मापाचा पहिला यंत्रमानव उभा केला. तो चालत असे, वस्तू धरीत असे, जपानीत चार शब्द बोलत असे. त्याच्या कर्तबगारीची बरोबरी त्या वेळी कशाशी केली गेली? दीड वर्षाच्या मुलाशी! हान्स मोराव्हेक या शास्त्रज्ञाने १९८८ साली हे उलटे गणित स्पष्ट शब्दांत मांडले. त्याचा मथितार्थ असा, की मोठ्यांना अवघड वाटणाऱ्या बुद्धीच्या परीक्षा यंत्राकडून पास करवून घेणे सोपे. पण वर्षाच्या पोराची नजर आणि हालचाल त्याला देणे महाकठीण. कारण गणित आपण काल शिकलो. हात-पाय-डोळे चालवण्याची विद्या निसर्गाने कोट्यवधी वर्षे घोटून घेतलेली आहे. ती इतकी मुरलेली, की ती विद्या आहे हेच आपण विसरलो.

हाताचेच पाहा. माणसाच्या एका तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० केंद्रे असतात, असा हिशेब स्वीडनमधल्या योहानसन आणि वालबो या संशोधकांनी १९७९ साली मांडला. कुठले दाब ओळखते, कुठले कंप, कुठले वस्तू निसटू लागल्याची पहिली चाहूल. याच योहानसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काडेपेटीतून काडी काढून ती पेटवायची, एवढेच काम. आपण पणत्या लावताना बोलता बोलता करतो ते. पण बोटांची अग्रे औषधाने बधिर केली, तेव्हा डोळे उघडे असूनही काडी नीट धरता येईना, निसटू लागली, आणि क्षणाचे काम लांबतच गेले. डोळे होते, डोके होते, हातात बळ होते. नव्हता तो फक्त स्पर्श. यंत्रमानवाच्या जन्मालाच ही बधिरता पुजलेली. म्हणून आता त्याच्या बोटांवर कृत्रिम कातडी चढवण्याचे उद्योग चालू आहेत.

पायांची तीच कथा. मी राहते ती तुंगार्ली म्हणजे लोणावळ्याचा डोंगराकडचा भाग. एका बाजूला बंगले, दुसऱ्या बाजूला जुने धरण आणि पुढे राजमाचीकडे जाणारी वाट. श्रावणात या वाटेवर शेवाळ, खाली मुरूम, वर धुके. शहरातली मंडळी महागाचे बूट घालूनही धपाधप आपटतात. आणि त्याच वाटेने डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया अनवाणी, गप्पा मारीत उतरतात. पाय टेकण्याआधी दगड हलणार की नाही हे तळव्याला कळते, मान मोळीचा तोल धरते, कंबर लचकून चूक दुरुस्त करते. या सगळ्याची खबर डोक्यापर्यंत जातही नाही. ट्युरिंगने ज्या यंत्राला रानोमाळ हिंडायला सोडले होते ते इथे आणून सोडले, तर पहिल्या वळणावर कोलमडेल.

ही अंगाची आतली जाणीव म्हणजे काय, हे ज्यांना ताडून पाहायचे असेल त्यांनी डोळे मिटून एका पायावर उभे राहावे. (आजूबाजूला पणत्या नसाव्यात.) कोणता स्नायू किती ताणला, मान किती कलली, हे न पाहता कळते, म्हणून आपण उभे राहतो. शरीराच्या या आतल्या कारभाराकडे शास्त्राच्या नजरेने पाहणारे एक ठिकाण आमच्या लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने, बंध, प्राणायाम यांत शरीरात नेमके काय घडते ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासले. योगाला प्रयोगशाळेत नेणारे ते पहिल्या फळीतले. यंत्रमानव करणाऱ्यांचा मार्ग याच्या बरोबर उलटा. स्वामीजी जिवंत शरीरातली जाणीव मोजीत होते. हे लोक मोजमापातून जाणीव उभी करू पाहतात.

असे प्रयत्न आपल्याही दारात चालू आहेत. पुण्याजवळ दिघीला संरक्षण संशोधन संस्थेची, म्हणजे डी. आर. डी. ओ.ची, इंजिनिअरांची एक प्रयोगशाळा आहे. तिथे यंत्रमानव घडतो आहे ही बातमी २०२५ च्या मे महिन्यात आली. सुरुंग, स्फोटके अशा ठिकाणी जवानाऐवजी यंत्र पुढे करता यावे हा हेतू. कमरेवरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळे करून पाहिले आहेत, आणि २०२७ पर्यंत काम पुरे करण्याचे उद्दिष्ट आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याच्या वरच्या भागात चोवीस स्वतंत्र हालचाली आहेत: प्रत्येक बाहूत सात, प्रत्येक पकडीत चार आणि डोक्याला दोन. बाहूला सातच का? तुमचा हात हलवून मोजा. खांद्याच्या तीन, कोपराची एक, हात उलटासुलटा करण्याची एक आणि मनगटाच्या दोन. देवाने जो हिशेब केला तोच दिघीच्या इंजिनिअरांनी उतरवून घेतला. पण सांधे जोडणे निराळे आणि ते वेळच्या वेळी हलवणे निराळे. सर्वांत अवघड काम तेच.

ते यंत्राला शिकवायचे कसे? सध्या तीन वाटा आहेत. पहिली आपटून शिकण्याची. खऱ्या यंत्राला हजारदा पाडले तर त्याचे तुकडे होतील, म्हणून संगणकात त्याची प्रतिमा करून तिला पाडतात. २०१९ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने यंत्राच्या एका हाताला रंगीत चौकोनांचा रुबिक क्यूब सोडवायला शिकवले. त्यासाठी संगणकातल्या सरावाची बेरीज झाली सुमारे १३,००० वर्षे! आणि एवढे करूनही अगदी अवघड मांडणी असली, तर पाचांतून एखाद्या वेळीच जमे. दुसरी वाट माझ्या सासूबाईंची. यंत्राचा हात आपल्या हाताने धरून ते काम त्याच्याकडून करवून घ्यायचे आणि त्याने ते लक्षात ठेवायचे. तिसरी वाट पाहून शिकण्याची. माणसे काम करताना त्यांचे डोळे काय पाहतात आणि हात काय करतात याची चित्रे घ्यायची, आणि ती यंत्राला दाखवीत राहायची.

या तिसऱ्या वाटेनेच ही गोष्ट थेट आपल्या घरात येते. २०२५ च्या अखेरीस तमिळनाडूतल्या करूर गावची हकिकत वर्तमानपत्रांत आली. तिथे काही तरुण कपाळावर कॅमेरा बांधून दिवसभर टॉवेलच्या घड्या घालतात. एकेक घडी ठरल्या रीतीने, ठरल्या वेळात. चुकली तर ती फीत बाद. ही चित्रे जातात परदेशी यंत्रमानवांच्या शिकवणीला. म्हणजे जगातला सर्वांत खर्चिक विद्यार्थी आज टॉवेलची घडी शिकतो आहे आणि त्याचे गुरुजी करूरला बसले आहेत.

माझा पुतण्या पुण्याला अशाच कामात आहे. मागे तो सुट्टीला आला तेव्हा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी पलंगावर चादर घालीत होत्या. एका झटक्यात चादर हवेत, एका हाताने सुरकुती मोडली, चारी कोपरे आत. पुतण्या बघतच राहिला.

"मावशी, डोक्याला एवढासा कॅमेरा लावायचा. काम तुमचं रोजचंच. दिवसाचे पैसे निराळे मिळतील."

"त्यात वहिनींचं घर समदं दिसंल की. त्यांना इचारलंत का?"

"काकूंना विचारीन ना."

"आन् त्या चित्रांचं करनार काय?"

"यंत्राला दाखवणार. बघून बघून ते शिकणार."

"शिकलं म्हंजे मग?"

"मग काय, एक शिकलं की तसली हजार यंत्रं शिकली. सगळ्यांना एकदमच येतं."

मावशींनी पदराला हात पुसले. "हजारांना कायमचं येनार, आन् पैसं एका दिवसाचं?"

पुतण्या हुशार आहे. पण या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला हाच खरा प्रश्न आहे.

यंत्राला माझा विरोध नाही. मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंट्यासाठी मी डोळ्यांतून टिपूस काढले नाही. गटारात माणूस उतरण्यापेक्षा यंत्र उतरलेले शतपट बरे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला उचलून बसवणारा लोखंडी हात मिळाला तर त्या घरची सून त्याला दुवाच देईल. पण मिक्सर कुणाच्या हाताकडून वाटण शिकला नव्हता. त्याची रीतच वेगळी. तो गरगर फिरतो. हा नवा विद्यार्थी मात्र मावशींचीच लकब उचलणार, आणि बहुधा एक दिवस मावशींच्याच जागी उभा राहणार. गुरूची विद्या घेऊन गुरूचीच जागा घेणाऱ्या शिष्याने निदान गुरुदक्षिणा तरी नीट द्यावी की नाही?

मावळाच्या मातीला हा प्रश्न नवा नाही. आमच्या शेजारच्या वळवण धरणाचे पाणी खोपोलीच्या वीजघराकडे जाते. १९१५ साली तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे मुळशीला तसेच धरण निघाले, तेव्हा ज्यांच्या भाताच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या ते मावळे १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. धरण झालेच. मुंबई उजळली, हेही खोटे नाही. पण ज्याचे घेतले त्याला काय मिळाले, हा सवाल तेव्हापासून या डोंगरांत घुमतो आहे. तेव्हा जमीन घेतली ती डोळ्यांना दिसत होती. हाताचे कसब घेतले तर काहीच हललेले दिसत नाही; हात जागेवर, बाई जागेवर. म्हणून जास्त जपायला हवे.

यावर कुणी म्हणेल, चादर घालण्याचा कसला आला आहे हक्क? तर आपला कॉपीराइटचा कायदा काय म्हणतो ते ऐका. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलाकाराचे हक्क आले. कलाकार म्हणजे कोण, या यादीत नट, गायक, नर्तक आहेतच. शिवाय कसरतपटू आहे, जादूगार आहे आणि चक्क गारुडीही आहे! २०१२ च्या दुरुस्तीने गायकासारख्या कलावंताला त्याच्या मुद्रित कलेच्या व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला. पुंगी वाजवणाऱ्या हाताची कला कायद्याला दिसली. शिजल्या भाताचे शीत दाबून दाणा ओळखणारी, तान्ह्याची मान सावरून त्याला न्हाऊ घालणारी, चिक्कीच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटाने जोखणारी बोटे त्या यादीत अजून नाहीत. यंत्रे बनवणाऱ्यांनी मात्र त्यांची किंमत ओळखली आहे. एरवी एवढा पैसा ओतून टॉवेलच्या घड्या कोण जमा करतो?

तेव्हा मला वाटते ते थोडक्यात सांगते. उद्या तुमच्या घरी असा कॅमेरा आला, तर घरवालीची आणि कामवालीची, दोघींचीही परवानगी वेगवेगळी विचारली जावी. एकीच्या होकारात दुसरीचा होकार धरू नये. दिवसाच्या मजुरीवर सौदा मिटू नये. जितकी यंत्रे त्या शिकवणीवर चालतील तितक्यांच्या कमाईत शिकवणाऱ्यांचा वाटा असावा. एकेकीची चादर निवडून काढणे कठीण, हे पुतण्याचे म्हणणे मला पटते. पण मग वाटा सगळ्यांच्या नावे एका ठिकाणी जमा करता येईल. ज्यांना १३,००० वर्षांचा सराव मोजता येतो, त्यांना हा हिशेब जड जाऊ नये. आणि कायदा होईल तेव्हा होवो, आपण निदान बोलणे तरी सुधारावे. शिकलेल्याला शहाणा आणि हाताने काम करणाऱ्याला अडाणी म्हणण्याची आपली खोड, हा वाद आता खुद्द यंत्रानेच निकालात काढला आहे. शहाण्याचे डोके त्याने पटकन उचलले. अडाण्याच्या हातापुढे ते अजून मान खाली घालून बसले आहे.

दिवाळी आहे. घरोघरी मावशींच्या हातावर पोस्त पडेल, साडी पडेल, फराळाचा डबा जाईल. ही चाल चांगली आहे. ती मोडू नये. पण पोस्त आणि मानधन यांत फरक आहे. पोस्त देणाऱ्याच्या मर्जीचे असते, मानधन घेणाऱ्याच्या हक्काचे. वेठीच्या नावाने जन्मलेल्या या यंत्राला शिकवताना आपण माणसांनाच पुन्हा वेठीला धरले, असे उद्याच्या पोरांनी आपल्याला म्हणू नये, एवढीच या सणाच्या दिवशी इच्छा.